जहाजाच्या पोटातील गंज : ‘मेगीरा’, ‘ग्रेट ब्रिटन’ आणि डागडुजीच्या नोंदींचा इतिहास

बीजसंज्ञा : लोखंडी जहाजे, गंज, गोदीतील डागडुजी, सिमेंटलेपन, सागरी इतिहासाची साधने, जतनशास्त्र

प्रास्ताविक

सागरी इतिहासाच्या लेखनात जहाज बांधले जाते, पाण्यात उतरते, लढते, बुडते किंवा मोडीत निघते. या ठळक प्रसंगांच्या मधल्या काळात ते दर काही वर्षांनी गोदीत येते, त्याचे पाणी उपसले जाते, माणसे त्याच्या तळाशी उतरून गंजाचे पोपडे हातोडीने पाडतात, उघड्या पडलेल्या पत्र्याला रंग देतात आणि जहाज पुन्हा समुद्रावर जाते. गोदीच्या भाषेत ‘रिफिट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मोठ्या डागडुजीला इतिहासग्रंथांत सहसा एक ओळही मिळत नाही. वास्तविक लोखंडी जहाजाचे आयुष्य किती असावे हे बांधणीच्या वेळी जितके ठरते, तितकेच ते या डागडुजीच्या वेळी ठरते. त्यातही बाहेरच्या बाजूपेक्षा आतल्या बाजूचा गंज अधिक घातक ठरतो. कारण बाहेरची बाजू सुक्या गोदीत कोणालाही दिसते, आतली बाजू मात्र कोळसा, माल, यंत्रे, लाकडी तक्तपोशी आणि साचलेले पाणी यांच्या आड असते.

प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील दोन ब्रिटिश लोखंडी जहाजांच्या आधारे या अंतर्गत गंजाचा आणि त्यावरील उपायांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. पहिले जहाज ‘मेगीरा’, जे १८७१ साली आतून कुजलेल्या तळामुळे हिंदी महासागरात नष्ट झाले. दुसरे ‘ग्रेट ब्रिटन’, जे १८४३ साली पाण्यात उतरले आणि आजही ब्रिस्टलच्या गोदीत उभे आहे. पहिले अवघ्या बावीस वर्षांत संपले आणि दुसरे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले, यामागे नशिबाचा भाग निश्चितच आहे. परंतु गंजावर कोणता लेप लावला, या प्रश्नाइतकाच त्या लेपाखाली काय चालले आहे हे कोण पाहत होते आणि पाहिलेले कोठे नोंदवले जात होते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

लाकडाकडून लोखंडाकडे

मुंबईच्या अभ्यासकाला या विषयाची सुरुवात लाकडापासून करणे सोयीचे वाटते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकभर सागवानी जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईत बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. सागवानाला गंज नसतो, परंतु त्याला समुद्रकिडा पोखरतो. म्हणून लाकडी जहाजाच्या तळाला बाहेरून तांब्याचे पत्रे मारण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली.

धातूंच्या परस्परसंबंधाचा पहिला धडा याच पत्र्यांनी दिला. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाला प्रयोगादाखल तांबे चढवले. दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा तांबे उत्तम स्थितीत होते, पण त्याला स्पर्श करणारे लोखंडी खिळे खाऊन गेले होते. जेथे बांधणीच्या वेळचा तपकिरी कागद चुकून तांबे आणि खिळा यांच्या मध्ये राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांपैकी एक दुसऱ्यासाठी झिजतो, हे विद्युत-रसायनशास्त्राचे तत्त्व शास्त्र म्हणून मांडले जाण्यापूर्वी गोदीतील कामगारांच्या डोळ्यांना दिसले होते. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी हेच तत्त्व उलटे फिरवले. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते, हे त्यांनी दाखवले. प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या यशस्वी आणि व्यवहारात अयशस्वी ठरला, कारण न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपले व शेवाळ मनमुराद वाढू लागले आणि जहाजे मंदावली. तांबे थोडे झिजणे हाच त्याचा उपयोग होता, हे तेव्हा लक्षात आले.

लोखंडी जहाजे आली तेव्हा हा सारा अनुभव हाताशी होता, पण तो तळाच्या बाहेरच्या बाजूचा होता. आयर्लंडमधील अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी १८३८ ते १८४३ या काळात ‘ब्रिटिश असोसिएशन’साठी लोखंडावर समुद्राच्या व नदीच्या पाण्याचा काय परिणाम होतो याचा पद्धतशीर अभ्यास केला. निरनिराळ्या प्रकारच्या लोखंडाचे नमुने पाण्यात ठेवून त्यांची झीज त्यांनी मोजली. या अभ्यासाचे मोल मोठे आहे. तथापि बंदराच्या पाण्यात बुडवून ठेवलेला लोखंडाचा नमुना आणि जहाजाच्या तळाशी, फासळ्यांच्या बेचक्यात, महिनोन्‌महिने साचलेल्या पाण्याखालील पत्रा यांची परिस्थिती एकसारखी नसते.

तळातील पाणी

जहाजाच्या अगदी तळाशी साचणाऱ्या पाण्याला ‘बिल्ज’ म्हणतात. हे पाणी एका ठिकाणाहून येत नाही. पंख्याचा दांडा जेथे कवचातून बाहेर पडतो तेथून ते झिरपते, डेकवरून पावसाचे उतरते, आणि थंड पत्र्यावर आतल्या दमट हवेचे दव धरून थेंबाथेंबाने ओघळते. वाफेच्या जहाजात त्यात कोळशाची भुकटी व राख मिसळते. गंधकयुक्त कोळशातून झिरपलेले पाणी आम्लधर्मी होते. पितळी झडपांचे व तांब्याच्या नळ्यांचे कण त्यात पडले तर ‘अलार्म’च्या खिळ्यांची गोष्ट आतल्या बाजूला नव्याने सुरू होते.

हे पाणी पंपापर्यंत वाहून जावे म्हणून प्रत्येक फासळीच्या बुडाशी लहान भोके ठेवलेली असतात. भोके राखेने वा गंजाच्या पोपड्यांनी बुजली की दोन फासळ्यांमधील प्रत्येक कप्पा वेगळे डबके बनतो. जहाज डुलते तसे डबक्याचे पाणी मागेपुढे होते. पत्र्याचा काही भाग आलटून पालटून ओला व कोरडा होतो आणि नेमका तोच सर्वांत वेगाने झिजतो. ज्या ठिकाणी राखेचा थर बसला आहे, तेथे थराखाली प्राणवायू कमी व बाजूला अधिक असतो. या असमतोलामुळेही थराखालचे लोखंड विरघळते. शिवाय गंजाचे आकारमान मूळ धातूच्या कितीतरी पट असते. पत्रा आणि फासळी यांच्या सांध्यात तो धरला की सांधा फाकतो, रिव्हेटवर ताण येतो आणि प्रसंगी तिचे डोके उडते. म्हणजे गंज लोखंड केवळ खातो असे नाही, तो जहाज आतून उसवतो. आणि जाड पोपडा पाहणाऱ्याला पत्रा जाड असल्याचा भास होतो. गोदीतील जुने जाणते कारागीर म्हणूनच डोळ्यांवर न विसंबता हातोडी मारून आवाज ऐकत, आणि खात्री हवी असेल तर भोक पाडून पत्र्याची जाडी मोजत.

एकोणिसाव्या शतकात यावर दोन मुख्य उपाय होते. पहिला शेंदराचा. आपल्याकडे मारुतीच्या मूर्तीला परंपरेने चढवला जाणारा शेंदूर म्हणजे शिशाचे लाल संयुग; तेच जवसाच्या तेलात खलून लोखंडाला लावले की तेलाशी त्याचा संयोग होऊन गंजरोधक साबणसदृश थर तयार होतो. साफ व कोरड्या लोखंडावर हा लेप दीर्घकाळ टिकतो. अडचण अशी की जहाजाचा तळ कधीच पुरता साफ व कोरडा नसतो. दुसरा उपाय सिमेंटचा होता. तळाच्या कप्प्यांत आतून सिमेंटचा थर ओतला की खाचाखोचा बुजतात, पाणी उताराने पंपाकडे जाते आणि सिमेंटमधील चुन्याच्या अल्कधर्मी सान्निध्यात लोखंडावर गंज धरत नाही. सिमेंट लोखंडाला घट्ट चिकटून असेपर्यंत हा उपाय अत्यंत परिणामकारक असतो. परंतु जहाज ही स्थिर इमारत नव्हे. पत्रे लवतात, यंत्राचे हादरे बसतात, सिमेंटला केसाएवढी भेग पडते आणि खारे पाणी आत शिरते. त्यानंतर वरून गुळगुळीत, करडा, निरोगी दिसणारा थर आणि खाली कोणाच्याही नजरेस न पडता पातळ होत जाणारा पत्रा, अशी स्थिती निर्माण होते. येथून पुढे तळाची खरी अवस्था जाणण्याचे साधन एकच उरते, ते म्हणजे मागील तपासणीचा कागद.

‘मेगीरा’ची चौकशी

‘मेगीरा’ची कहाणी ही त्या कागदाच्या अपयशाची कहाणी आहे. विल्यम फेअरबेर्न यांच्या टेम्स नदीवरील मिलवॉल येथील कारखान्यात बांधलेले हे जहाज १८४९ साली पाण्यात उतरले. ते मूळचे लोखंडी लढाऊ जहाज. परंतु तोफगोळ्यांच्या माऱ्यापुढे लोखंडी कवच टिकत नाही असे मत त्या सुमारास बळावल्याने त्याचा उपयोग सैन्य वाहून नेण्याकडे करण्यात आला. तळ आतून सिमेंटने झाकलेला होता.

१८७१ साली ऑस्ट्रेलियाच्या तळावरील दोन युद्धनौकांसाठी बदली खलाशी घेऊन ते निघाले. केप ऑफ गुड होप सोडल्यानंतर ८ जून रोजी जहाजात पाणी वाढत असल्याचे लक्षात आले. गळती कोठे आहे हे सापडण्यास काही दिवस गेले, आणि हा विलंब स्वाभाविक होता, कारण ती जागा तळाशी, फासळ्यांच्या बेचक्यात होती. कॅप्टन थ्रप यांनी १७ जून रोजी दक्षिण हिंदी महासागरातील सेंट पॉल या निर्जन ज्वालामुखी बेटाजवळ नांगर टाकला. पाणबुड्याने बाहेरून आणि अभियंत्यांनी आतून पाहणी केली. तळाच्या पत्र्याला आरपार भोक पडले होते. एक भोक बुजवता आले असते. परंतु भोवतालचा पत्रा इतका पातळ झाला होता की त्यावर ठिगळ धरणार नव्हते, आणि तळाच्या आधाराच्या लोखंडी पट्ट्याही खाऊन गेल्या होत्या. अशा तळावर ऑस्ट्रेलियापर्यंतचा उरलेला प्रवास करणे म्हणजे सर्वांचे प्राण धोक्यात घालणे होते. १९ जून रोजी कॅप्टनने जहाज जाणूनबुजून किनाऱ्यावर चढवले. सुमारे चारशे माणसे त्या उजाड बेटावर तंबूंत राहिली. जुलैमध्ये जवळून जाणाऱ्या एका डच जहाजावरून एका अधिकाऱ्याला मदत आणण्यासाठी पाठवता आले, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीस ‘मलाक्का’ या आगबोटीने उरलेल्यांची सुटका केली.

लष्करी न्यायालयाने कॅप्टन थ्रप यांना सन्मानाने निर्दोष ठरवले. मग दोष कोणाचा? ब्रिटनमध्ये या प्रश्नावर इतका क्षोभ झाला की शाही आयोग नेमावा लागला. आयोगाचे अध्यक्षपद लॉर्ड लॉरेन्स यांच्याकडे होते. १८६४ ते १८६९ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले हेच ते जॉन लॉरेन्स. साम्राज्याच्या कारभाराची कागदपत्रे वाचण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसापुढे आता एका जहाजाच्या तळाची कागदपत्रे आली, आणि दोहोंतील साम्य त्यांच्या नजरेतून सुटले असेल असे वाटत नाही.

चौकशीतून जे पुढे आले ते रसायनशास्त्रापेक्षा प्रशासनाविषयी अधिक बोलके होते. पत्रे झिजत असल्याची जाणीव गोदीतील अधिकाऱ्यांना काही वर्षांपूर्वीच झाली होती. त्यानंतर जहाज गोदीत आले नाही असे नाही. ते आले, त्याची कामे झाली, आणि ते सेवेस योग्य म्हणून बाहेर पडले. परंतु तळावरचे सिमेंट काढून त्याखालचे लोखंड पूर्णपणे तपासावे, असे कोणाला वाटले नाही, किंवा ज्याला वाटले त्याचे मत निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचले नाही. एका गोदीतील पाहणी दुसऱ्या गोदीला ठाऊक नव्हती. प्रत्येक अधिकाऱ्याने आपल्यापूर्वीच्या अधिकाऱ्याने तळ पाहिला असेल असे गृहीत धरले. १८७२ च्या अहवालात आयोगाने नौदलाच्या प्रशासनातील अनेक जबाबदार अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. त्याच वर्षी वयोवृद्ध मॅलेट यांनी नौकास्थापत्यविशारदांच्या संस्थेपुढे लोखंडी जहाजांच्या गंजावर सविस्तर निबंध सादर केला. तीस वर्षांपूर्वी बंदराच्या पाण्यात नमुने बुडवणाऱ्या संशोधकाच्या वाट्याला आता आतल्या बाजूचा प्रश्न आला होता.

येथे सिमेंटला दोषी ठरवण्याचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे. सिमेंटने असंख्य जहाजांचे तळ वाचवले, आणि त्यानंतरही अनेक दशके ते वापरात राहिले. ‘मेगीरा’च्या बाबतीत खरा दोष असा की सिमेंट हा उपाय न राहता तो पुरावा झाला. थर शाबूत दिसतो आहे म्हणजे खालचे लोखंडही शाबूत असणार, हे अनुमान कागदावर कोठेही लिहिलेले नसताना सर्वांनी स्वीकारले. दफ्तरखान्यातील एखाद्या सुबक बांधणीच्या बाडाकडे पाहून आतील पाने सुरक्षित असतील असे समजणारा संशोधक याहून वेगळे काही करत नाही.

पोटात उतरणारी माणसे

या साऱ्या चर्चेत अभियंते, कॅप्टन व आयोग यांची नावे मिळतात. प्रत्यक्ष गंज काढणाऱ्यांची नावे मिळत नाहीत. दोन तळांमधील टाक्यांत उभे राहता येत नाही. कामगार कुशीवर पडून, दिव्याच्या उजेडात, एका हाताने हातोडी चालवतो. पोपडे तोंडावर पडतात, धूळ नाकात जाते आणि त्या धुळीत आधीच्या लेपातील शिसे असते. शेंदराच्या लेपाने लोखंड वाचवले, पण तो लावणाऱ्याच्या व खरवडणाऱ्याच्या शरीरात शिशाचे विष साठत गेले.

याहून एक धोका बाहेरच्या माणसाला सहज पटत नाही. बंद टाकीत गंज चढत असताना तो हवेतील प्राणवायू शोषून घेतो. अनेक महिने बंद असलेल्या, वरकरणी रिकाम्या, कोणताही वास नसलेल्या टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊन दगावू शकतो, आणि त्याला काढण्यासाठी धावणारा दुसराही तेथेच पडतो. टाकी उघडून हवा खेळती ठेवावी, प्राणवायू मोजावा आणि मगच माणूस उतरवावा, हा आजचा नियम अशा मृत्यूंतून घडला आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडील बंदरांत चिपिंग व पेंटिंगची कामे करणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच होता. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला. कलकत्ता बंदरातील चिपिंग-पेंटिंग कामगारांसाठी स्वतंत्र योजना येण्यास १९७० साल उजाडले. मुंबईच्या गिरणी कामगारांवर मराठीत जेवढे संशोधन झाले, त्याच्या तुलनेत गोदीतील या माणसांवर फारच थोडे झाले आहे. त्यांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदवण्याजोग्या आहेत, आणि हे काम मुंबई-कोकणातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे.

‘ग्रेट ब्रिटन’ : कोरड्या हवेचा उपाय

इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी आखलेले ‘ग्रेट ब्रिटन’ १९ जुलै १८४३ रोजी ब्रिस्टल येथे पाण्यात उतरले, तेव्हा ते जगातील सर्वांत मोठे जहाज होते. लांबी ३२२ फूट, कवच घडीव लोखंडाचे आणि गती पंख्याची. १८४६ च्या सप्टेंबरमध्ये ते आयर्लंडच्या डंड्रम उपसागरात वाळूवर चढले आणि जवळजवळ वर्षभर लाटांचा मार खात तेथेच राहिले. लाकडी जहाज त्या अवस्थेत फुटले असते. हे पुन्हा तरंगले. पुढे त्याने हजारो स्थलांतरितांना ऑस्ट्रेलियात नेले. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की १८५७ चा उठाव मोडून काढण्यासाठी पाठवलेले सैन्य घेऊन हेच जहाज त्या वर्षाच्या अखेरीस मुंबई बंदरात आले होते. बालाक्लाव्हाच्या लढाईमुळे प्रसिद्धी पावलेली सतरावी लान्सर्स ही घोडदळाची तुकडी त्यावर होती.

१८८२ नंतर यंत्रे काढून त्याचे निव्वळ शिडाचे मालवाहू जहाज करण्यात आले. १८८६ साली केप हॉर्नजवळच्या वादळात मोडतोड होऊन ते फॉकलंड बेटांवर पोहोचले आणि तेथेच लोकर व कोळशाचे तरंगते कोठार बनले. १९३७ साली ते कोठार म्हणूनही निकामी ठरल्यावर तळाला भोके पाडून उथळ पाण्यात बसवून देण्यात आले. तेहतीस वर्षे समुद्राचे पाणी त्याच्या आतबाहेर खेळत राहिले. नौकास्थापत्यविशारद इवान कॉर्लेट यांच्या प्रयत्नांनी १९७० साली ते एका पाण्यात बुडू शकणाऱ्या तराफ्यावर चढवून अटलांटिक पार करून आणले गेले, आणि १९ जुलै १९७० रोजी, पाण्यात उतरल्यापासून बरोबर १२७ वर्षांनी, ज्या सुक्या गोदीत ते बांधले गेले तेथेच परतले.

येथे कथा संपली असती तर ती सुखान्त ठरली असती. परंतु समुद्रातून काढलेले लोखंड समुद्राबाहेर अधिक वेगाने मरते. गंजाच्या थरांत शिरलेले क्लोराइड क्षार हवेतील ओलावा ओढून घेतात आणि धातूच्या पृष्ठभागाशी खारे द्रावण कायम ठेवतात. गंज काढून वरून रंग दिला तरी सूक्ष्म खळग्यांत राहिलेले क्षार लेपाखाली आपले काम चालूच ठेवतात. १९९८ च्या पाहणीत असे दिसून आले की उपाय न केल्यास जहाजाचे कवच सुमारे पंचवीस वर्षांत हाताबाहेर जाईल.

उपलब्ध उपायांपैकी प्रत्येकाला मर्यादा होती. वाळूचा झोत मारून चकचकीत धातू उघडा करावा, तर ज्या ठिकाणी पत्रा जवळजवळ गंजमयच झाला आहे तेथे पत्राच उडून जाईल, आणि १८४३ च्या कारागिरांच्या खुणाही त्यासोबत जातील. रासायनिक द्रव्याने गंजाचे स्थिर थरात रूपांतर करावे, तर क्लोराइड तसेच राहतात. पुरातत्त्वीय वस्तू अल्कधर्मी द्रावणात महिनोन्‌महिने बुडवून त्यांतील क्षार काढता येतात, पण ३२२ फुटी जहाज बुडवण्यासाठी द्रावण कोठून आणणार? नादुरुस्त पत्रे बदलून नवे पोलादी पत्रे बसवणे, हा चालत्या जहाजाच्या डागडुजीतील नेहमीचा आणि योग्य मार्ग; तथापि तो पूर्णपणे स्वीकारला तर शेवटी ब्रुनेलच्या जहाजाची प्रतिकृती तेवढी शिल्लक राहील.

कार्डिफ विद्यापीठात डेव्हिड वॉटकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. क्षार काढता येत नसतील तर त्यांना पाणी मिळू नये अशी व्यवस्था करता येईल काय? क्लोराइडयुक्त लोखंडाचे नमुने निरनिराळ्या आर्द्रतेत ठेवून त्यांनी झीज मोजली. आर्द्रता घटेल तशी झीज मंदावते, आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास आणली की ती अत्यल्प होते, असे आढळले. ती पूर्णतः थांबवायची तर हवा याहूनही कोरडी हवी; परंतु त्यासाठी लागणारी ऊर्जा व खर्च पाहता २० टक्के ही विचारपूर्वक केलेली तडजोड होती. वाळवंटातील हवेशी तिची तुलना केली जाते, आणि ब्रिस्टलसारख्या पावसाळी शहरात ती निर्माण करणे सोपे नव्हते. जहाजाच्या पाणरेषेच्या पातळीवर, कवच आणि गोदीच्या भिंती यांच्या मधल्या जागेत काचेचे छत घालण्यात आले, त्यावर पाण्याचा पातळ थर खेळवला गेला आणि छताखाली आर्द्रता शोषणारी यंत्रे बसवली गेली. जहाजाच्या आतील भागातही कोरडी हवा सोडली गेली. २००५ साली हे काम पूर्ण झाले. वरून पाहणाऱ्याला जहाज पाण्यात तरंगताना दिसते. जिन्याने खाली उतरले की डोक्यावर पाणी आणि समोर गंजाने खडबडीत झालेला, कोणत्याही लेपाने न झाकलेला मूळ पत्रा असतो.

अर्थात या उपायाची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. यंत्रे अखंड चालावी लागतात. ज्या दिवशी ती बंद पडतील त्या दिवसापासून क्षार पुन्हा पाणी पिऊ लागतील. शेंदूर किंवा सिमेंट एकदा लावून विसरता येत होते, निदान तसा समज तरी होता. येथे विसरण्याची सोय ठेवलेलीच नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘मेगीरा’ आणि ‘ग्रेट ब्रिटन’ यांच्यातील खरा फरक या ठिकाणी आहे. एका उपायाने लोखंड नजरेआड केले, दुसऱ्याने ते उघडे ठेवून त्याच्यावर कायमची नजर ठेवणे बंधनकारक केले.

मुंबईतील एक उदाहरण

या पार्श्वभूमीवर भारतीय नौदलाच्या पहिल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाचा उल्लेख आवश्यक ठरतो. ‘हर्क्युलिस’ या नावाने हे जहाज सप्टेंबर १९४५ मध्ये इंग्लंडात पाण्यात उतरले. महायुद्ध संपल्याने ते अपूर्ण अवस्थेत पडून राहिले, १९५७ साली भारताने विकत घेतले आणि बेलफास्ट येथे पूर्ण होऊन ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाले. १९७१ च्या युद्धातील त्याची कामगिरी सर्वपरिचित आहे. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते निवृत्त झाले, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहता येऊ लागले, आणि २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद करण्यात आले.

‘विक्रांत’ जतन व्हावे म्हणून झालेली मागणी भावनेची होती, आणि ती भावना आदरणीय आहे. परंतु त्या वेळच्या जाहीर चर्चेत निधी, जागा आणि राष्ट्रीय अस्मिता यांवर जेवढा भर होता, तेवढा एका साध्या तांत्रिक प्रश्नावर दिसला नाही. खाऱ्या, उष्ण व दमट बंदरात तरंगत असलेल्या पोलादी जहाजाच्या तळाची आतली बाजू दर काही वर्षांनी सुक्या गोदीत नेऊन तपासण्याची तरतूद नसेल, तर ते संग्रहालय किती काळ टिकणार? ‘ग्रेट ब्रिटन’ पाण्याबाहेर आहे, म्हणूनच त्याच्याभोवतीची हवा कोरडी करता आली. तरंगत्या जहाजाला तो मार्ग मोकळा नसतो.

२०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांना विक्री होऊन ऑगस्टमध्ये न्यायालयीन अडसर दूर झाला आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या दारूखान्यात त्याची तोडणी सुरू झाली. जहाज तोडताना तळाचा प्रत्येक पत्रा सुटा होतो. तो आयुष्यात प्रथमच दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पाहता येतो, त्याची उरलेली जाडी मोजता येते, आणि कोणत्या टाकीत, कोणत्या फासळीपाशी, कोणत्या लेपाखाली किती झीज झाली हे डागडुजीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहता येते. इतिहासाच्या आणि धातुशास्त्राच्या अभ्यासकांना एकत्र बसून वाचता येईल असा तो दस्तऐवज असतो, आणि तो फार तर काही महिने उघडा राहतो. ‘विक्रांत’चे पोलाद पुढे भट्टीत गेले, त्यातील काही २०१६ साली बाजारात आलेल्या एका मोटारसायकलच्या इंधनटाकीवरील मुद्रेसाठी वापरण्यात आले.